आधी म्हशी

"जमीन हलायला लागली की लगेच टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं आणि टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवायचा."

हे वाक्य मी इतक्या शाळांत म्हटलं आहे की झोपेतही म्हणेन. नदीकाठच्या त्या गावात ते म्हटलं ते सातवीच्या वर्गात. पोरं सतरंजीवर बसली होती. वर्गात टेबल एकच होतं आणि त्यावर हेडसरांचा चहा होता.

मागून एक जण म्हणाला, "म्याडम, आम्ही समदी ह्या एकाच टेबलाखाली? मग सर कुठं जायाचं?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. हेडसर उचगावहून रोज गाडीवर येणारे, शांत गृहस्थ. त्यांनी मात्र डोळे वटारले. हशा ओसरला तशी खिडकीजवळची एक काळीसावळी मुलगी उभी राहिली. तनुजा तिचं नाव, घरी-दारी सगळे तनू म्हणत.

"म्याडम, भूकंप ऱ्हाऊ दे. पाणी आलं तर म्हशीचं काय करायचं?"

माझ्या हातात संस्थेनं छापलेला पाठ होता. पुरावर त्यात अर्धं पान होतं. मी वाचून दाखवलं, "पाणी वाढू लागल्यास तातडीने सुरक्षित स्थळी जावे. मौल्यवान वस्तूंसाठी थांबू नये."

तनू खाली बसली नाही. म्हणाली, "म्हस वस्तू हाय व्हय?"

"तनू, बस खाली," हेडसर म्हणाले. "म्याडम लांबनं आल्यात. काय बी इचारायचं न्हाई."

ती बसली. पण त्या दिवसापासून मला काही स्वस्थ बसता आलेलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. पंचगंगेच्या काठावर बोट ठेवाल तिथं असं एक गाव सापडेल.

माझं काम काय, असं लग्नकार्यात कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. मी शाळाशाळांतून आपत्ती शिकवते. एकदा असं सांगितल्यावर कबनूरची आमची खाला म्हणाली, "आपत्ती पण शिकवावी लागते? आमच्या घरात तर फुकट मिळते." कबनूरला आमचं घर यंत्रमागांच्या खडखडाटात. अब्बा मागावर कामाला आणि उरलेला वेळ युनियनमध्ये. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदावरची. मी अक्षर ओळखायला त्यावर शिकले, भाकरीही त्यावर ठेवून खाल्ली. पत्रक कसं लिहायचं ते अब्बांनी मला नीट समजावलं होतं. "लोक कागद हातात घेतात आणि चार पावलांवर टाकतात. टाकायच्या आधी पहिलं वाक्य डोक्यात गेलं पाहिजे."

शाळेचे पाठ लिहिणाऱ्यांना ही घाई नसते. त्यांचं पहिलं वाक्य नेहमी "भारत हा विविधतेने नटलेला देश आहे" अशा चालीचं असतं. पूर शेवटच्या परिच्छेदात येतो आणि तोवर तास संपलेला असतो.

बाहेरच्या देशांत हा विषय शाळेत कसा शिकवतात ते मी या कामामुळे वाचत गेले. जपानात कित्येक शाळांत मुलांच्या खुर्चीवर जी उशी असते तीच उलगडून डोक्यावर टोपीसारखी घेता येते. बांगलादेशात मुलांना पोहायला शिकवतात, आणि कितीतरी शाळांच्या इमारतीच वादळात गावाचा निवारा होतील अशा उंच खांबांवर बांधलेल्या आहेत. प्रत्येकानं आधी स्वतःची भीती नीट पाहिली, मग धडा लिहिला. आपण त्यांच्या भीतीचं भाषांतर केलं. कोयनेकडचे धक्के आमच्याकडेही जाणवतात, तेव्हा भूकंपाचा धडा नको असं मी म्हणत नाही. पण ज्या गावात दर काही वर्षांनी पाणी उंबऱ्यात येऊन बसतं, तिथल्या पोरांना आधी टेबल शोधायला लावायचं, याचा मला राग येतो. अजूनही येतो.

तनूच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी आमचं वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांबरोबर ऑनलाइन प्रशिक्षण होतं. मी भीत भीत मोडक्या इंग्रजीत विचारलं, "जनावरांचं काय करता?" वाटलं, हसतील. बांगलादेशातल्या एका मास्तरांनी अगदी सहज सांगितलं की निवाऱ्याशेजारी मातीचा मोठा उंचवटा करतात आणि जनावरं त्यावर नेतात. त्याला ते किल्लाच म्हणतात. "गाय वर गेली नाही तर माणूस येत नाही," ते म्हणाले. "हे तर पहिलीच्या पोरालाही कळतं."

मी दुसऱ्या दिवशी तनूच्या घरी गेले.

तनूचे आजोबा, बापू, गोठ्याच्या कट्ट्यावर बसून म्हशीच्या शिंगाला तेल चोळत होते. म्हशीचं नाव चंद्रा. मी आपलं येण्याचं कारण सांगितलं.

"म्हंजे शाळंत आता म्हशीचा धडा हाय?" बापू म्हणाले. "मग चंद्रालाच घेऊन जावा की. हिला माझ्या पोरापेक्षा लई कळतंय."

मागच्या मोठ्या पुरात काय झालं, ते मला तनूनं सांगितलं. बचावपथकाची नाव दारात आली. पथकातली माणसं म्हणाली, आजोबा चला. बापू म्हणाले, म्हशी? पथक म्हणालं, माणसं आधी. त्यांचंही चुकलं नव्हतं, नावेत म्हैस कशी घ्यायची? बापू नावेत चढलेच नाहीत. गोठ्याच्या पत्र्यावर बसून राहिले. मग खाली वाढत्या पाण्यात उतरून त्यांनी म्हशींची दावी सोडायला घेतली, पण भिजून फुगलेल्या दाव्याची गाठ सुटत नाही. विळ्यानं कापेपर्यंत एक म्हैस गेली. चंद्रा पोहून वाचली.

"मी नावंत बसलो हुतो," तनू म्हणाली. आमच्या भागातल्या पोरी स्वतःबद्दल असंच बोलतात. "आज्जा पत्र्यावर. नाव लांब गेली तसा आज्जा बारीक बारीक होत गेला. मग दिसंनाच."

बापू दुसऱ्या दिवशी सुखरूप सापडले होते. ते समोरच बसले होते, तेलाचा हात धोतराला पुसत. तरी हे सांगताना तनूची नजर त्यांच्यावरून हटत नव्हती.

"परत पाणी आलं की आज्जा परत बसणार," ती म्हणाली. "म्हशी आधी गेल्या तरच आज्जा जाईल, म्याडम."

"बसणारच," बापू म्हणाले. "मुकं जनावर दाव्याला ठेवून मी शाळंत जाऊन खिचडी खाऊ?"

मला धडा मिळाला होता. पाणी दारात येण्याआधी, रस्ता उघडा असतानाच, म्हशी गावामागच्या माळावर न्यायच्या. म्हशी गेल्या की माणसं आपोआप जातील. इतकं साधं.

इतकं साधं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही शाळेतर्फे पुराच्या सरावाची कवायत ठरवली. हेडसरांनी आधी नकार दिला, मग तनूच्या वर्गानं त्यांच्या गाडीभोवती कडं केलं तेव्हा हो म्हणाले. आमच्या संस्थेचे समन्वयक पुण्याला असत. त्यांनी एका मोठ्या पाहुण्यांना पाठवलं. पाहुणे पांढरे बूट घालून आले. ठरलं असं की शिट्टी वाजली की पोरांनी दावी सोडायची आणि म्हशी डावीकडे, माळाच्या चढाला न्यायच्या.

शिट्टी वाजली. दावी सुटली. गल्लीतल्या सगळ्या म्हशी एका सुरात उजवीकडे वळल्या आणि नदीकडे चालू लागल्या. त्यांची रोजची धुवायची वेळ झाली होती. पोरं शेपट्या धरून ओढतायत, हेडसर "हाड हाड" करत आडवे पळतायत, पाहुणे शेणात एक पाय देऊन उभे. म्हशी पाण्यात जाऊन निवांत बसल्या.

बापू कट्ट्यावरून ओरडले, "नाद खुळा शिकवलंय की! पूर आला की पुरातच जायाचं!"

कोणीतरी सगळं मोबाईलवर टिपलं आणि ते जिल्हाभर फिरलं. संध्याकाळी समन्वयकांचा फोन आला.

"शमीम, आपला प्रकल्प म्हशींसाठी नाही. मला मुलं टेबलाखाली बसलेली असा फोटो हवा आहे."

मी पाठवला. एक टेबल, त्याखाली कोंबलेली सातवीची पोरं, वर हेडसरांचा चहा. त्यानंतर त्या संस्थेनं मला पुन्हा बोलावलं नाही. चांगलंच झालं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. रात्री झोप मात्र येत नसे. पावसाळा जवळ येत होता आणि म्हशींना नदीशिवाय दुसरी वाट माहीत नव्हती.

वाट काढली तनूनं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात. अंगावर नक्षी, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. आणि मग मालक मोटारसायकलवर बसून पुढे, सायलेन्सर काढलेला, आणि ती अजस्र म्हैस त्या आवाजामागे गर्दी फोडत पळत येते. ज्याची म्हैस सगळ्यांत पुढे, त्याची मान वर्षभर ताठ.

"चंद्रा काकाच्या गाडीमागं कुठं बी जाती," तनू म्हणाली. "गाडी माळावर न्यायची, मग चंद्रा जाणार. चंद्रामागनं बाकीच्या येणार."

दुसरी कवायत पाहुण्यांशिवाय केली. तनूच्या काकानं गाडीचा फटफटाट केला आणि चंद्रा चढावर अशी पळाली की आम्हीच मागे राहिलो.

मग मी माझ्या ओळखीच्या हत्याराला हात घातला. पोरांना घेऊन पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द: आधी म्हशी. कबनूरला अब्बांच्या जुन्या ओळखीच्या छापखान्यात ते गुलाबी कागदावर छापायला नेलं. अब्बांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

"यात मागणी कुठे आहे?"

"ही सूचना आहे, अब्बा."

"मागणीशिवाय पत्रक म्हणजे लग्नाची पत्रिका. म्हैस माळावर गेली तर खाणार काय? दूध कुठे घालणार?"

बरोबर होतं. गावातला माणूस शेवटपर्यंत हलत नाही त्याचं निम्मं कारण हेच. वैरण खाली, डेअरी खाली. मग आम्ही खाली मागणी जोडली: पावसाळ्याआधी माळावर वैरण आणि पाण्याची टाकी ठेवावी, आणि पाणी वाढताच दूध संकलनाची गाडी माळापर्यंत आणावी. पोरांनी ती ग्रामसभेत ठेवली. बरीच बाचाबाची झाली, पण टाकी आली आणि वैरणही पडली.

एवढं सगळं झाल्यावर बापूंनी पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हणाले, "झ्याक लिवलंय. पर पैला कोण जायाचं?"

"तुम्ही."

"मी? आणि पाणी आलंच न्हाई तर? त्या पळ्या शंकरसारखं माझं बी नाव पाडायचं हाय व्हय?"

शंकरअण्णा बापूंच्या समोरच्या दारातले. काही वर्षांपूर्वी ते पाण्याच्या धास्तीनं सगळ्यांच्या आधी म्हशी घेऊन माळावर गेले आणि त्या साली पाणी शेतातूनच परत फिरलं. गावानं त्यांचं नाव पळ्या शंकर ठेवलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा "पळ्या, वाढू का?" असं विचारत. ते नाव पाडलं होतं कोणी? बापूंनी.

तेव्हा मला समजलं की माणसाला पाण्यापेक्षा लोकांच्या हसण्याची भीती जास्त असते. आणि ही भीती जगातल्या कुठल्याच पाठात मला सापडली नव्हती.

उपाय हेडसरांनी सुचवला. तेच ते, तनूला खाली बसवणारे.

"जो पैला म्हशी घेऊन माळावर येईल, त्याला शाळेतर्फे फेटा बांधायचा," ते म्हणाले. "पाणी येऊ दे, न येऊ दे. पाडव्यासारखाच मान."

मी विरोध केला. आमच्या घरात सत्कार म्हणजे शिव्या द्यायचा विषय. पुढाऱ्यांचे सत्कार, शाली, नारळ, यांच्यावर अब्बांनी किती पत्रकं काढली होती. माणसानं विचारानं हलावं, फेट्यासाठी का? हेडसरांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्याडम, तुमचा इचार बरोबरच हाय," ते म्हणाले. "पर इचारानं हलायला माणसाला टाइम लागतोय. पाणी तेवढा देत न्हाई."

मी फेट्याला हो म्हटलं.

श्रावण लागायच्या सुमारास पावसानं जी धार धरली ती सोडलीच नाही. माझा जीव मोबाईलमध्ये अडकला. बंधाऱ्यावरची पातळी, धरणाचे दरवाजे, कुठला रस्ता बंद. तनूला फोन केला की पलीकडून बापूंचाच आवाज, "म्याडम, पाणी अजून मळईत हाय. उगं जीव काढू नका. बघू उद्या." मळई म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन.

दुपारी मी गाडी काढली आणि मागच्या रस्त्यानं माळावर पोचले. हेडसर आधीच आले होते. माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला भगवा फेटा काखेत धरून. त्यांनी गावाच्या ग्रुपवर लिहिलं होतं: फेटा तयार आहे.

आम्ही वाट पाहिली. खाली उसाची रानं चकाकत होती आणि त्यांच्या कडेनं पाणी सरकताना दिसत होतं. चढावर कोणी नाही. मी शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. हेडसर म्हणाले, "बसा की." मला बसवेना. डोळ्यांपुढे पत्र्यावर बसलेला, बारीक होत जाणारा म्हातारा दिसत होता.

आणि मग खालून आवाज आला. सायलेन्सर नसलेल्या गाडीचा.

"चंद्रा!" मी ओरडले.

चंद्रा नव्हती. चढावर पहिली गाडी दिसली ती शंकरअण्णांची. मागे त्यांची म्हैस, शिंगांना श्रावणात मोरपिसं बांधलेली, आणि तिच्यामागे गल्लीतल्या म्हशींची रांग. शंकरअण्णा गाडी उभी करायच्या आधीच ओरडले, "सर, बघितलंसा न्हवं? पैला कोण?"

त्यांच्या पाठोपाठ दुसरा फटफटाट आला. तनूचा काका गाडीवर, मागे चंद्रा, आणि चंद्रामागून चिखलानं माखलेले, धोतर खोचलेले बापू, पळत.

"ह्ये चालायचं न्हाई!" बापू ओरडत होते. "चौकात माझी चंद्रा फुडं हुती! ह्या पळ्यानं वळणावर आडवी घातली!"

"कोण पळ्या?" शंकरअण्णा डोकं पुढे करून म्हणाले. हेडसर भर पावसात त्यांना फेटा बांधत होते. "आता बोल की. कोण पळ्या?"

सगळा माळ हसत होता. तनू मागून बायकांबरोबर आली. तिनं मला नंतर सांगितलं की शंकरअण्णांनी गाडी दारात लावलेली पाहून आज्जा म्हणाला, ह्यो कुठं निघाला, आणि ती म्हणाली, फेटा आणायला. बास, एवढंच. त्या वेळी मात्र ती हसत नव्हती. बापूंच्या ओल्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून ती नुसती उभी होती, आणि बापू शिव्या देत इकडे वळले की तीही वळत होती.

त्यानंतर रस्ता पाण्याखाली गेला आणि बापूंच्या गोठ्याचा पत्राही दिसेनासा झाला. पण तो पुढचा भाग. त्या दुपारी रस्ता अजून उघडा होता.

बापूंचा राग जरा निवला. म्हणाले, "फुडच्या साली पाणी मळईत यायच्या आधी मी हितं असतो. बघतो कोण फेटा नेतोय."

तेवढ्यात तनूनं विचारलं, "म्याडम, खालच्या गावच्या म्हशी वर आल्या का?"

नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात मी टेबलाचा धडा शिकवून आले होते. म्हशींचा शिकवायला जाणार तोवर माझं काम बंद झालं होतं. माझ्या पिशवीत गुलाबी पत्रकं होती. मी गाडी सुरू केली. शंकरअण्णांना म्हटलं, फेटा द्या, तिथल्या पहिल्याला बांधते. ते म्हणाले, "मेलो तरी देत न्हाई."

बापूंनी आपल्या डोक्याचा पटका काढला. रोजचाच, विटका, चिंब भिजलेला. पिळून माझ्या हातात दिला. "ह्यो बांधा. आणि माझा हाय म्हणून सांगा. तिथं मला वळखत्यात."

मी गेले. पत्रकं वाटली. दारोदार सांगितलं. लोकांनी मला चहा दिला, "पावणं, बसा की" म्हणाले, आणि पाणी अजून मळईत आहे म्हणाले. काही घरं निघाली, पण दुसऱ्या दिवशी, पाणी दारात आल्यावर, नावेतून. म्हशी दाव्यालाच होत्या. पाणी उतरल्यावर मी तिथं परत गेले. त्याबद्दल लिहायला बसते आणि उठते.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना मी हे सगळं कळवलं. सूचना चांगली आहे पण फार स्थानिक आहे, असं उत्तर आलं. पूर कुठं राष्ट्रीय असतो का, असं मी उलट विचारलं. त्यावर काही आलं नाही. टेबल अजून पुस्तकात आहे.

बापूंचा पटका माझ्या गाडीच्या डिकीत आहे. मी तो धुऊन, घडी घालून ठेवला आहे. पावसाळा जवळ आला की बापूंचा फोन येतो. पाण्याबद्दल ते काही बोलत नाहीत. एकच विचारतात.

"पटका कुणाला बांधलासा का?"

"अजून न्हाई, बापू."

"मग फिरा की," ते म्हणतात आणि फोन ठेवतात.